जुन्या नोंदी जुळत नाहीत? पणजोबांचा माग काढण्याची रीत

तहसील कचेरीत 'आमच्या पणजोबांचे नाव शोधून द्या' असा अर्ज टाकला की बहुतेक वेळा दोनपैकी एक होते. 'नोंद आढळून येत नाही' असा शेरा हातात पडतो, नाहीतर नाव सापडते पण माणूस भलताच निघतो. दुसरा प्रकार जास्त घातक. चुकीच्या महादूला पणजोबा धरून वंशावळ शपथपत्रावर गेली, की पुढे जात पडताळणीत किंवा वारसाच्या दाव्यात ती गाठ सुटता सुटत नाही.

'जनगणनेत बघा' हा सल्लाही सर्रास दिला जातो. जनगणना कायदा, १९४८च्या कलम १५ प्रमाणे जनगणनेच्या व्यक्तिगत नोंदी कोणालाही पाहता येत नाहीत. १९३१ पर्यंतच्या जनगणना अहवालांत जातवार आणि जिल्हावार आकडे आहेत, पण त्यांत माणसांची नावे नाहीत. अपवाद १९५१चा. त्या वर्षीच्या गणनेवरून गावोगावी घरवार यादी उतरवली गेली. 'नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर' ते हेच. ज्या गावाचे टिकले आहे, तिथे अख्खे घर एका जागी वाचायला मिळते. मात्र त्यातले वय आणि नाव इतर दप्तरांशी जुळेलच असे नाही. म्हणून आधी क्रम नीट समजून घ्या. पुढची रीत महाराष्ट्रातल्या खेड्यांच्या, साधारण १८८० ते १९६० या काळातल्या दप्तरासाठी आहे.

## १. कचेरीत जाण्याआधी घरातली तयारी

जाड वही घ्या. एका पानावर एकच माणूस. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला 'पणजोबांचे नाव काय?' असे विचारून थांबू नका. पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरे शब्दशः लिहा:

- त्यांना घरात आणि गावात काय म्हणून हाक मारत? पाठचे-पुढचे भाऊ किती, त्यांची नावे काय?
- बायको कोणत्या गावची? दुसरे लग्न झाले होते का?
- शेताचे नाव काय? 'आंबराई', 'खळ्याचा माळ', 'वडाची पट्टी', जे असेल ते.
- बांधाला बांध कोणाचा? भाऊबंदकीची किती घरे?
- कोणी दत्तक गेले, दत्तक आले किंवा घरजावई म्हणून राहिले का?

शेताचे नाव आणि शेजाऱ्याचा बांध ही माहिती नावापेक्षा मोलाची. एका गावात 'महादू' पाच निघतात, पण त्या मोजक्या बांधांमध्ये जमीन असलेला महादू बहुधा एकच असतो.

घरातले कागदही पाहा. जुन्या ट्रंकेतली सारा भरल्याची पावती, सोसायटीच्या कर्जाचे खातेपुस्तक, खरेदीखत, पत्रिका. भांड्यांवरची नावेसुद्धा टिपून घ्या. लग्नात आलेल्या पितळी घागरीवर देणाऱ्याचे नाव, गाव आणि कधी कधी सालही कोरलेले असते.

शोध कशासाठी, हेही आत्ताच ठरवा. जातीच्या दाखल्यासाठी असेल, तर मानीव तारखेच्या, म्हणजे त्या त्या प्रवर्गासाठी ठरवलेल्या तारखेच्या, आधीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. वारसासाठी असेल, तर जमिनीच्या फेरफारांची (नावात झालेल्या बदलांच्या नोंदींची) साखळी कुठेही तुटता कामा नये.

पडताळा: किमान दोन भावांची नावे, बायकोचे माहेर आणि एका शेताची खूण हाती आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## २. गाव तेव्हा कोणाच्या राज्यात होते?

पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि खानदेश मुंबई इलाख्यात, मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडात. कोल्हापूर, सांगली, औंध, फलटण, जत, अक्कलकोट, सावंतवाडी अशा संस्थानांची दप्तरे १९४८-४९ पर्यंत वेगळी. दप्तरांची नावे, भाषा आणि सन हे सगळे या एका गोष्टीवर अवलंबून असते.

मग तालुका-जिल्ह्याची अदलाबदल तपासा. सिंधुदुर्ग आणि जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये, नंदुरबार आणि वाशीम १९९८ मध्ये, हिंगोली आणि गोंदिया १९९९ मध्ये वेगळे झाले. सांगली जिल्हा १९६० पर्यंत 'दक्षिण सातारा' होता. जुने दप्तर नव्या जिल्ह्यात आले असेलच असे नाही, म्हणून अर्ज दोन्हीकडे करावा लागतो. महसुली गाव आणि वाडी यांतही गोंधळ होतो. तुमचे 'गाव' म्हणजे पूर्वी शेजारच्या मौज्याची (महसुली गावाची) वाडी असेल, तर तिच्या सगळ्या नोंदी त्या मौज्याखाली गेलेल्या असतात.

## ३. दप्तरे कोणत्या क्रमाने पाहायची

नव्याकडून जुन्याकडे, एका वेळी एकच पिढी. आजोबांचे वडील कोण हे कागदावर पक्के झाल्याशिवाय पणजोबांच्या वडिलांकडे जायचे नाही.

अ) जमीन. आजचा सातबारा घ्या आणि त्यावरचे फेरफार क्रमांक उलट्या क्रमाने उतरवा. प्रत्येक वारस फेरफाराची नक्कल मागा. 'मयत अमुक यांचे वारस' अशी नावांची यादी असलेला फेरफार हा या कामातला सगळ्यात भरवशाचा कागद. साखळी मध्येच तुटली, तर बहुधा एकत्रीकरणामुळे (जमिनीचे तुकडे जोडून गट पाडण्याच्या योजनेमुळे) सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आलेला असतो. एकत्रीकरण योजनेच्या ९(३), ९(४)च्या उताऱ्यावरून जुना नंबर मिळतो, तो भूमी अभिलेख कार्यालयात. मराठवाड्यात १९५४-५५चे खासरा पाहणी पत्रक आणि विदर्भात १९५४-५५चा अधिकार अभिलेख, हे दोन कागद न बघता पुढे जाऊ नका. कोकण आणि घाटावर कडईपत्रक, कुळ नोंदवही आणि हक्क नोंदीची पत्रके विचारा.

ब) शाळा. प्रवेश-निर्गम उतारा, म्हणजे जनरल रजिस्टर. विदर्भात यालाच दाखल-खारीज म्हणतात. फक्त तुमच्या आजोबांची नव्हे, त्यांच्या सगळ्या भावंडांची आणि चुलत भावांची नोंद घ्या.

क) जन्म-मृत्यू. जुना गाव नमुना नंबर १४, लोकांच्या तोंडी 'कोतवाल बुक'.

ड) १९५१चे रजिस्टर. तहसीलच्या अभिलेख कक्षात चौकशी करा.

ई) दुय्यम निबंधकांकडची खरेदीखते, गहाणखते, दत्तकपत्रे आणि वाटणीपत्रे. जमीन गहाण पडलेल्या घराचा माग यांत उत्तम लागतो, कारण सावकाराने ऋणकोचे नाव, बाप, गाव आणि चतुःसीमा नीट लिहून घेतलेल्या असतात.

इशारा: आजचा गाव नमुना १४ म्हणजे पाण्याच्या साधनांची नोंदवही. अर्जात नुसते 'नमुना १४' लिहिले, तर 'नोंद नाही' असे खरेखुरे उत्तर येते आणि तुमचा महिना वाया जातो. 'जुने जन्म-मृत्यू रजिस्टर, गाव नमुना क्र. १४, मौजे अमुक, सन अमुक ते अमुक' असे पूर्ण लिहा.

## ४. अर्ज कसा करायचा

एका अर्जात एक मौजे, एक दप्तर आणि जास्तीत जास्त दहा वर्षे. 'सर्व जुने रेकॉर्ड मिळावे' अशा अर्जावर काहीच हाती लागत नाही. पुष्कळ तालुक्यांची जुनी फेरफार पाने आणि सातबारे स्कॅन करून शासनाच्या ई-अभिलेख संकेतस्थळावर टाकलेले आहेत. ते आधी घरबसल्या बघा. तिथे न मिळालेल्यासाठी कोर्ट फी स्टॅम्प लावून नकलेचा अर्ज करा. टाळाटाळ झाली, तर माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अर्ज करा आणि त्यात 'दप्तर प्रत्यक्ष पाहू द्यावे' अशी मागणी जरूर घाला. डोळ्यांनी पाहिलेल्या रजिस्टरात मागची-पुढची पानेही दिसतात, नकलेत फक्त एक ओळ येते.

नक्कल घेताना पूर्ण पानाची छायाप्रत मागा. वरचा मथळा, पान क्रमांक आणि शेजारच्या चार नोंदी त्यात आल्या पाहिजेत.

इशारा: मूळ रजिस्टरवर पेन्सिलीनेसुद्धा खूण करू नका. कोणी 'नाव थोडे दुरुस्त करून देतो' म्हणाला, तर तिथून निघा. शाईचा रंग आणि हस्ताक्षर यांची तपासणी होते, आणि तो गुन्हा तुमच्या नावावर लागतो.

## ५. वाचताना होणाऱ्या चुका

जुने कागद पुष्कळदा मोडी लिपीत असतात. मोडीत शिरोरेघ आधी ओढलेली असते, शब्दांत जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. म्हणून मोडी वाचकाला एक ओळ कापून दाखवू नका, आख्खे पान द्या. त्याला लेखनिकाचे हातवळण समजायला तेवढे लागतेच. 'आमचे आडनाव अमुक आहे, बघा ते दिसते का' असेही आधी सांगू नका. आधी त्याला लागेल तसे वाचू द्या, मग ताडून पाहा.

हे शब्द पाठ असले पाहिजेत. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. मराठवाडा-विदर्भात तेच वलद किंवा वल्द. कोम म्हणजे अमक्याची बायको, मराठवाड्यात भ्र. म्हणजे भ्रतार, विदर्भात जौजे, आणि विधवेसाठी बेवा. अपाक म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वयात न आलेल्याचा (अज्ञानाचा) पालक. एकुमॅ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. 'महादू रामजी एकुमॅ' असे दिसले, तर जमीन एकट्या महादूची नाही, भावांचीही आहे. अनेक घरांत धाकट्या भावांचा माग इथेच हरवतो, कारण त्यांचे नाव सातबाऱ्यावर कधी आलेलेच नसते.

आडनाव नसले तर घाबरू नका. जुन्या नोंदींत नाव, बाप आणि जात किंवा हुद्दा एवढेच बहुधा असते. एका घराचे 'पाटील', 'जाधव' आणि गावावरून पडलेले तिसरेच आडनाव, हे तिन्ही एकाच पिढीत आढळते.

सनांचे हिशेब असे करा:

- शके: चैत्र ते डिसेंबर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन ७९. शके १८२० म्हणजे १८९८-९९.
- हैदराबादी फसली (निजामाच्या राज्यातला महसुली सन): वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागते. ऑक्टोबर ते डिसेंबर ५९० मिळवा, पुढे ५९१. फसली १३४४ म्हणजे १९३४-३५.
- सुहूर: मृग लागताना सुरू होते. जून ते डिसेंबर ५९९, जानेवारी ते मे ६००. हे जुन्या इनामी कागदांत भेटते.

पडताळा: वहीत मूळ सन आधी लिहा, इसवी सन त्याच्याखाली. फक्त रूपांतर लिहिले तर चूक कुठे झाली हे कधीच कळत नाही.

## ६. विरोध मांडून पाहणे

इथेच सगळे घाई करतात. जो कागद सोयीचा तो 'खरा' आणि बाकीचे 'चुकीचे' ठरवतात. त्याऐवजी प्रत्येक नोंदीसाठी चार गोष्टी लिहा: काय लिहिले आहे (जसेच्या तसे), कधी लिहिले, कोणी सांगितले आणि सांगणाऱ्याचा त्यात काय हेतू होता.

एक नमुना मांडू. पणजोबा महादू, त्यांचे वडील रामजी, त्यांचे आजोबा बाळा. हाती आलेले कागद असे:

- जन्म-मृत्यू रजिस्टर, नोव्हेंबर १८९४: 'रामजी बिन बाळा यास मुलगा.' मुलाचे नाव नाही.
- शाळा: 'दगडू रामजी', जन्म १ जून १८९८.
- वारस फेरफार, १९२६: मयत रामजी बिन बाळा, वारस महादू आणि गणू, गणू अज्ञान, अपाक महादू. सोबतच्या जबाबात महादूचे वय अंदाजे ३०.
- १९५१चे रजिस्टर: 'दगडू रामजी', वय ६०.

जन्मसाल चार कागदांवरून चार निघतात: १८९४, १८९८, १८९६ आणि १८९१. आता प्रत्येकाला त्याच्या लायकीची सूट द्या. १ जून ही मास्तरांनी घातलेली तारीख, शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून. तिला मागे-पुढे ४ वर्षे सूट, म्हणजे १८९४ ते १९०२. जबाबातले ३० आणि गणनेतले ६० हे गोल आकडे. गणनेत वये ० आणि ५ वर येऊन थांबतात, त्यांना ५ वर्षे सूट. जबाबावरून १८९१ ते १९०१ आणि १९५१ वरून १८८६ ते १८९६. तिन्ही पट्टे एकमेकांवर ठेवले की उरते १८९४ ते १८९६.

नोव्हेंबर १८९४ची नोंद नेमकी यात बसते, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. थांबू नका. त्याच रजिस्टरची मृत्यूची बाजू उघडा. समजा तिथे जुलै १८९५ मध्ये 'रामजी बिन बाळा याचा मुलगा, वय ८ महिने' असे सापडले, आणि जन्माच्या बाजूला ऑक्टोबर १८९६ मध्ये रामजीला पुन्हा मुलगा. तर १८९४चे मूल गेले, आपला माणूस १८९६चा. 'दगडू' नावाचा उलगडाही इथेच होतो. आधीचे मूल दगावले की पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, कचरू अशी नावे ठेवत. म्हणजे घरातले नाव दगडू आणि जमिनीच्या कागदावरचे महादू असावे.

इशारा: जन्माची नोंद सापडली की त्याच बापाच्या आधीच्या आणि नंतरच्या किमान पाच वर्षांच्या जन्म आणि मृत्यू, दोन्ही बाजू वाचल्याशिवाय ती आपल्या माणसाला चिकटवू नका.

## ७. दोन नावे, एक माणूस? की एक नाव, दोन माणसे?

महादू आणि दगडू एकच, हे अजून सिद्ध झालेले नाही. त्यासाठी तीन कसोट्या लावा.

पहिली: दोघे एकाच कागदावर, एकाच वेळी जिवंत दिसतात का? एकदा जरी दिसले तर ते भाऊ आहेत, विषय संपला. १९२६च्या वारसांत दगडू नाही, आणि सगळे मुलगे वारस लागलेले असताना तो सुटणे कठीण. म्हणजे एकपणाकडे कल.

दुसरी: बायको आणि मुले. १९५१ मध्ये दगडूच्या घरात जी बायको आणि मुले आहेत, तीच पुढच्या वारस फेरफारात 'मयत महादू रामजी' यांची वारस म्हणून येतात का? येत असतील तर गाठ पक्की.

तिसरी: जमीन. तोच सर्व्हे नंबर, तेच शेजारी.

उलटा फसवा प्रकार नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीतून येतो. बाळाचा रामजी, रामजीचा बाळा, त्याचा पुन्हा रामजी. 'रामजी बिन बाळा' हे एकाच घरात ५० वर्षांच्या अंतराने दोन वेगळे पुरुष असू शकतात, आणि दोघांना एक धरले की वंशावळीतल्या मधल्या दोन पिढ्या गळून पडतात. बाप-मुलाच्या वयातले अंतर १५ पेक्षा कमी किंवा ६० पेक्षा जास्त आले, की हीच चूक आहे असे समजून मागे फिरा.

बापाचेच नाव बदललेले दिसले तर दत्तक तपासा. दत्तकपत्र मिळेपर्यंत दोन्ही बापांची पाने उघडी ठेवा.

वारस फेरफारातले नाव-नाते शाळेच्या नोंदीहून वजनदार, कारण ते भावकीसमोर, हरकतीला वाव देऊन नोंदले जाते. पण त्याच फेरफारातले वय हलके, त्याच्याशी कोणाचे काही अडलेले नव्हते. जन्माची तारीख कोतवाल बुकातली धरा. सातबारा वेळोवेळी पुन्हा लिहिला जातो, म्हणून त्यातले स्पेलिंग सगळ्यात शेवटी धरा. 'कोणता कागद खरा' असा प्रश्नच चुकीचा आहे. कागदातली कोणती *बाब* भरवशाची, एवढेच विचारायचे.

## ८. तरीही सापडत नसेल तर

पहिले बाळंतपण माहेरी. त्यामुळे थोरल्या मुलाची जन्मनोंद पुष्कळदा आईच्या माहेरच्या गावच्या रजिस्टरात असते. वडिलांच्या गावात वर्षानुवर्षे शोधून थकलेल्यांनी आधी हे करावे. बायकोचे माहेर सुरुवातीलाच विचारायला सांगितले, ते यासाठी.

कर्ता पुरुष एकदम नाहीसा होतो तेव्हा साल पाहा. १८९६ पासूनची प्लेगची वर्षे, १८९९-१९००चा दुष्काळ, १९१८च्या पावसाळ्यानंतरची इन्फ्लुएन्झाची साथ. या काळात एका घरातली तीन-चार माणसे आठवड्याभरात गेलेली रजिस्टरात सलग दिसतात, आणि उरलेली पोरे मामाकडे किंवा मुंबईला गिरणीत गेलेली असतात. मामाच्या गावची शाळा तपासा.

दप्तर जळाले किंवा वाळवीने खाल्ले असेल, तर सरकारबाहेरच्या वह्या उरतात. पंढरपूर, नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे गावागावांच्या नामावळ्या असतात. यात्रेला किंवा अस्थी घेऊन गेलेल्या पुरुषाने आपली वंशावळ तिथे लिहून दिलेली असते. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी, म्हणजे वंशावळींच्या वह्या बाळगणारे लोक, घरोघर येऊन पिढ्या वाचून दाखवतात. त्यांना आधी नावे सांगू नका. आडनाव आणि गाव एवढेच सांगा आणि वाचू द्या. मोठ्या वतनी घराण्यांचा माग पुणे, कोल्हापूर, नागपूर, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेखागारांत लागू शकतो. साध्या शेतकरी घरासाठी तिथे सुरुवात करणे म्हणजे वेळेचा अपव्यय.

या वह्यांतून मिळालेले नाव थेट वंशावळीत भरू नका. ते पेन्सिलीने लिहा, त्यावरून सालाचा अंदाज बांधा आणि त्या सालाचा फेरफार किंवा जन्म-मृत्यूचे पान मागवा. सरकारी कागदावर तेच नाव त्याच बापासह दिसले, की मग शाईने लिहा.